१४ माणसांच्या ऑफिसच्या रजांचा हिशेब ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

लेबलवाली_पलासिया

नमस्कार मंडळी. इंदुरात आमचा लेबलं आणि खोकी डिझाइन करून छापून द्यायचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक बहुतेक नमकीनवाले. आम्ही १४ जण आहोत. पाच डिझाइनला, चार बाहेर फिरणारे, दोन हिशेबाला आणि तीन गोडाउनला. आजवर रजा व्हॉट्सअॅपवर मागायची, मी अंगठा दाखवायचा आणि रात्री घरी जाऊन वहीत लिहायचं, असं चाललं होतं.

मागच्या महिन्यात गोडाउनमधल्या एका मुलाचा दोन दिवसांचा पगार मी कापला. पगाराच्या दिवशी तो काही न बोलता माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि फोन पुढे केला. त्याचा मेसेज होता, ‘ताई, आईला घेऊन उज्जैनला जायचंय, शुक्र-शनि येणार नाही.’ खाली माझा अंगठा. त्याखाली डिस्पॅचच्या खोक्यांचे चाळीसेक फोटो. त्या गर्दीत ती रजा वहीत चढलीच नव्हती. पैसे मी तिथल्या तिथे दिले, पण तो मुलगा पुढे दोन दिवस माझ्याशी नजर मिळवून बोलला नाही. ते मला फार लागलं.

तर मला असं काहीतरी हवंय की ज्यात प्रत्येकाला आपली शिल्लक रजा आपल्या फोनवर दिसेल. पगारपत्रक आमचे हिशेबनीस वेगळं करतात, ते त्यात नसलं तरी चालेल. डिझाइनवाल्यांना दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असते, गोडाउनला फक्त रविवार. कुणी वापरलेलं काही सांगाल का?

विजयनगर_दादा

ताई, तुम्ही शेवटच्या ओळीत जे शनिवारचं लिहिलंय, तिथेच अर्धी सॉफ्टवेअरं गळतात. म्हणून नाव ठरवायच्या आधी हे तपासा की एकाच कंपनीत दोन वेगवेगळ्या साप्ताहिक सुट्ट्या लावता येतात का.

आमच्याकडे झोहो पीपल आहे, तीन वर्षं झाली. पाच माणसांपर्यंत फुकट, त्यापुढे माणशी महिन्याचा दर. रजेचे प्रकार, सुट्ट्यांची यादी, शनिवारचं गणित सगळं लावता येतं आणि मोबाइल अॅप चांगलं आहे. पगारपत्रकही पुढेमागे त्यातच करायचं मनात असेल तर बंगळुरूचं ग्रेटएचआर किंवा हैदराबादचं केका पाहा. पण केवळ रजेसाठी १४ माणसांना ती मला जड वाटतात.

आता एक आमच्यावर गुदरलेली गोष्ट. झोहोच्या आधी आम्ही दुसरं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, नाव लिहीत नाही. त्यात भारताच्या सुट्ट्यांची तयार यादी एका बटणावर भरली जायची. आम्ही खुशीत भरली. होळी होती, दिवाळी होती, रंगपंचमी नव्हती! इंदुरात रंगपंचमीला कोण ऑफिसला येतं? सगळे राजवाड्याला गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत. सिस्टिमने २२ माणसं बिनारजेची गैरहजर धरली आणि महिनाअखेरीला सगळ्यांचा एकेक दिवस कापून पगार गेला. दुरुस्त करायला आठवडा लागला. तयार यादी कुणाचीही असो, ती भरल्यावर कागदी कॅलेंडर शेजारी ठेवून एकेक तारीख जुळवा, आणि कलेक्टर दरवर्षी ज्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात त्या हाताने घाला.

बडोदेकर_७

मी बडोद्याचा, आमचं नऊ जणांचं आर्किटेक्ट ऑफिस. माझं मत जरा वेगळं आहे. १४ माणसांना गूगल शीटही पुरते, नीट बांधली तर. गूगल फॉर्मवर अर्ज, तो आपोआप शीटमध्ये उतरतो, तुम्ही एका रकान्यात ‘मंजूर’ निवडायचं, पुढच्या रकान्यात दिवस मोजले जातात.

मोजण्यासाठी साधं नेटवर्कडेज हे सूत्र घेऊ नका, ते शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतं. त्याचा ‘डॉट इंटल’ वाला भाऊ (NETWORKDAYS.INTL) घ्या. त्यात आठवड्याच्या सुट्ट्या सात आकड्यांत सांगता येतात, सोमवारपासून सुरू. काम असेल तिथे शून्य, सुट्टी असेल तिथे एक. गोडाउनसाठी सहा शून्य आणि शेवटी एक, झालं. दुसरा-चौथा शनिवार मात्र त्या सात आकड्यांत बसत नाही, कारण तो दर आठवड्याला नसतो. त्यासाठी मी वर्षभराचे ते २४ शनिवार सुट्ट्यांच्या यादीतच टाकून दिले आहेत. डिझाइनवाल्यांची यादी वेगळी, गोडाउनची वेगळी.

खर्च शून्य. दोन वर्षांत हिशेब चुकलेला नाही.

लेबलवाली_पलासिया

बडोदेकर, हे सूत्र मला माहीतच नव्हतं, मनापासून आभार. पण शीट सगळ्यांना उघडी केली तर सगळ्यांच्या रजा सगळ्यांना दिसतील ना? आमच्याकडे एकजण उपचारांसाठी दर महिन्याला एक दिवस घेते. ते बाकीच्यांनी वाचावं असं मला अजिबात वाटत नाही.

बडोदेकर_७

बरोबर बोललात. आमच्याकडे कारणाचा रकानाच नाही, आणि शिल्लक मी दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाला वेगळी मेल करतो. ते काम माझ्या अंगावर आहे हे खरं. तुमची मुख्य गरज ‘प्रत्येकाला स्वतःची शिल्लक कधीही दिसावी’ ही असेल तर शीट तिथे कमी पडते, हे मान्य.

खंडवारोड_कोडर

फ्रॅपे एचआरचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, मुक्तस्रोत, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. आधी ते त्यांच्याच ईआरपीनेक्स्ट या सगळा व्यवसाय सांभाळायच्या सॉफ्टवेअरच्या पोटात होतं, नंतर वेगळं झालं. स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर परवान्याचे पैसे लागत नाहीत.

त्यातल्या दोन गोष्टी छोट्या व्यवसायाला सोन्यासारख्या आहेत. एक म्हणजे रजेच्या प्रकारात एक चौकट असते, रजेच्या मधे आलेली सुट्टी रजेत धरायची की नाही. शनिवारी आणि सोमवारी रजा घेतली तर मधला रविवार कापायचा का, ही जी सँडविचची भांडणं असतात ना, ती त्या एका चौकटीत मिटतात. दुसरी म्हणजे ठरावीक दिवसांना रजा बंद ठेवायची सोय. तुमचे नमकीनवाले दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे लेबलांसाठी जीव खात असतील. ते दिवस आधीच बंद करून ठेवले की कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणावं लागत नाही. फार मोठी अडचण आलीच तर ज्यांना अधिकार दिलाय ते मंजूर करू शकतात.

पण खरं सांगायचं तर सर्व्हर, बॅकअप, अपडेट हे बघणारा माणूस घरचा नसेल तर स्वतः बसवायच्या फंदात पडू नका. मी स्वतः बघतो म्हणून आमच्याकडे चालतं.

टाइमऑफिसकाका

मी पिथमपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये उभी नोकरी काढली, आता निवृत्त आहे. सॉफ्टवेअरमधलं मला या मुलांइतकं कळत नाही, पण रजेचा हिशेब कळतो. ताई, तुमचं त्या मुलाचं वाचून बरं वाटलं. पैसे लगेच दिलेत ते उत्तम केलंत.

जुन्या वहीतून नव्या सिस्टिममध्ये जाताना सगळ्यात जास्त भांडणं कुठे होतात, तर सुरुवातीच्या शिल्लकेवर. तुम्ही वहीत बघून ‘याच्या सहा रजा शिल्लक’ असं परस्पर भरलंत आणि त्याच्या डोक्यात नऊ असल्या, तर पुढे सिस्टिम कितीही अचूक चालली तरी त्याच्या मते ती खोटीच. आम्ही हाताची कार्डं बदलून संगणक आणला तेव्हा प्रत्येक कामगाराला खिडकीशी बोलावून त्याची शिल्लक वाचून दाखवली आणि कार्डावर सही घेतली. महिना गेला त्यात. पण नंतर त्या आकड्यावरून एकही तक्रार आली नाही. तुमची तर १४ माणसं, दोन दुपारी पुरतील. जिथे वही आणि माणूस यांच्यात फरक निघेल आणि पुरावा दोघांकडेही नसेल, तिथे माणसाचा आकडा धरा. दोन-तीन दिवसांनी तुमचा व्यवसाय बुडत नाही.

आता कायद्याचं. कारखान्यात आम्ही वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक पगारी रजा द्यायचो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात ही अट १८० दिवसांवर आली. २० ला एक हे प्रमाण तसंच आहे आणि ३० दिवसांपर्यंत रजा पुढे नेता येते. तुमच्याकडे कुणाला काय लागू होतं ते तुमच्या लेबर कन्सल्टंटला विचारून एका कागदावर लिहून घ्या. आणि सॉफ्टवेअर असं घ्या की हे आकडे तुम्हाला स्वतःला बदलता आले पाहिजेत.

माणसं दहाच्या वर आहेत म्हणजे बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा तुम्हाला लागू आहे. हा प्रकार पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. तसंच ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० पर्यंत आहे ते ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात. ते लांब आजारी पडले तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम ईएसआय देतं, तुम्ही नाही. हे दिवस ‘ईएसआय आजारपण’ असा वेगळा प्रकार करून नोंदवा. बिनपगारी रजेत टाकलेत तर वर्षअखेरीला हजेरीचे दिवस मोजताना त्या माणसाचं नुकसान होण्याचा धोका असतो.

लेबलवाली_पलासिया

काका, नमस्कार करते. सहीचं अगदी पटलं. याच रविवारी वही घेऊन बसते.

अजून एक विचारायचं होतं. चाचणीच्या महिन्यात नेमकं काय करून बघायचं? मागे हिशेबाचं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याने जे दाखवलं तेवढंच आम्ही बघितलं आणि नंतर फसलो.

विजयनगर_दादा

तुमच्याच वहीतले गेल्या तीन महिन्यांतले सगळ्यात किचकट प्रसंग त्यात घाला. माझ्या आठवणीतले सांगतो. मंजूर झालेली रजा रद्द केली तर शिल्लक परत येते का. सकाळचा हाफ डे आणि दुपारचा हाफ डे वेगळा नोंदवता येतो का. महिन्याच्या १७ तारखेला लागलेल्या माणसाला त्या महिन्याची रजा किती मिळते. कुणी वर्षाच्या मध्यात सोडून गेला आणि त्याने रजा जास्त वापरलेल्या असल्या तर फुल अँड फायनलला, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, ते दिसतं का. आणि गोडाउनच्या मुलाकडे फोन देऊन बाजूला उभ्या राहा, त्याला काही न सांगता अर्ज करू दे. तो अडला तर ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नाही, बाकी कितीही छान असो.

खंडवारोड_कोडर

यात एक भर. सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का ते पहिल्याच दिवशी करून बघा. उद्या सोडायचं ठरलं तर वहीसारखं हातात काहीतरी हवं.

लेबलवाली_पलासिया

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

झोहो पीपल घेतलं. दोन सॉफ्टवेअरं चाचणीला लावली होती. दादांनी सांगितल्याप्रमाणे गोडाउनच्या त्याच मुलाकडे फोन दिला. एकात तो तारीख निवडण्यापाशी अडला, झोहोत मिनिटभरात अर्ज पाठवून मोकळा. मग त्यानेच बाकीच्या दोघांना शिकवलं.

काकांचं ऐकून सह्यांना दोन दुपारी बसलो. वहीत आणि माणसांच्या सांगण्यात पाच जणांचा फरक निघाला, मिळून अकरा दिवस. सगळे माणसांच्या बाजूने धरले. आमच्या हिशेबाच्या काकूंचे तर दोन दिवस वहीत जास्त लिहिलेले निघाले, त्यांनी स्वतः सांगून कमी करायला लावले.

माझी आणि माझ्या भावाची रजाही त्यातच टाकतोय. एकमेकांची आम्ही मंजूर करतो.

एक अडलंय. अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस जागरणाने पेंगत असतं, पण बाहेर फिरणाऱ्या चौघांपैकी दोघं म्हणतात आम्हाला नको, त्याऐवजी ईदला द्या. सगळ्यांना एकच यादी लावलीय, हे कसं बसवू?

टाइमऑफिसकाका

ऐच्छिक सुट्टी ठेवा. अशा पाच-सहा दिवसांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकाला त्यातल्या दोन निवडू द्या. सरकारी कचेऱ्यांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय. फक्त निवड जानेवारीतच लिहून घ्या, आदल्या दिवशी नको.

विजयनगर_दादा

झोहोच्या सुट्ट्यांच्या यादीत तशी सोय आहे, सुट्टी घालतानाच ती ऐच्छिक म्हणून नोंदवायची. अडलात तर इथेच लिहा, मी संध्याकाळी असतो.