शिक्षकांची प्रशिक्षणं होतात, मुलांचं शालेय मंत्रिमंडळही होतं, शाळेत फरक पडत नाही. नेमकं काय करावं?

पर्यवेक्षक:
अनुदानित माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी, 12 तुकड्या. मुख्याध्यापक आणि मी सोडून 18 शिक्षक, आठवड्याला 45 तासिका. दीक्षा या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स सगळ्यांचे पूर्ण, प्रमाणपत्रं फायलीला. शिकवणं जिथल्या तिथे. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक मोबाइलवर मतदानयंत्राचं अ‍ॅप टाकून थाटात होते, मग मंत्री दिसतात ते थेट शिक्षकदिनाला. जूनपासून दोन्ही नीट लावायचंय. बाहेरचे वक्ते नकोत. सुरुवात कुठून करू?

खडूफळा:
वेळापत्रकापासून सर, आणि तेही मे महिन्यातच. 12 वर्ग चालू असताना कुठल्याही तासिकेला तुमचे 6 शिक्षक मोकळे असतात. गणित-विज्ञानाच्या चौघांना गट म्हणून बसता यावं यासाठी त्यांची एक ऑफ तासिका एकाच वेळी आणा, उरलेले दोघे बदली तासिकेसाठी. भाषा आणि इतिहास-भूगोलाचंही तसंच, वेगळ्या वारी. सोमवार आणि शनिवार टाळा, रजा त्याच दिवशी पडतात आणि गटाची तासिका बदलीत जाते.

गटात भाषण नाही, उत्तरपत्रिका. घटक चाचणीतल्या एकाच प्रश्नाच्या पाच. समजा दहावीचं भिंगाचं उदाहरण. सूत्र बरोबर, उत्तर चूक. बघितलं तर वस्तूचं अंतर ऋण घ्यायचंच राहिलेलं. म्हणजे गणित कच्चं नाही, चिन्ह संकेत कच्चा. मग ज्यांच्याकडे दहावी आहे त्यांनी पुढच्या आठवड्यात आधी किरणाकृती काढून घ्यायची, भिंगाच्या मध्यापासून डावीकडची अंतरं मुलांकडून चिन्हासकट लिहून घ्यायची, सूत्र त्यानंतर. पुन्हा पाच वह्या. चूक तशीच असेल तर उपाय बदलायचा.

शिवाय जोड्या लावा. पंधरवड्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात 15 मिनिटं बसायचं. हातात बाकांचा नकाशा. ज्याला प्रश्न विचारला त्या बाकावर टिंब. टिंबं पुढच्या दोन बाकांवर गोळा झालेली दिसतात, सांगावं लागत नाही. दुसरी नोंद, प्रश्नानंतर शिक्षक किती थांबले. बहुधा सेकंदभरही नाही, उत्तर स्वतःच देऊन मोकळे. मनात तीन अंक मोजायची सवय लागली तरी मागचे हात वर येऊ लागतात.

हा कागद ज्याचा त्याच्याकडेच राहील. गोपनीय अहवालाशी त्याचा वासही आला तर दुसऱ्या दिवसापासून सगळे आदर्श पाठ घ्यायला लागतात.

मधली_सुट्टी:
मंत्रिमंडळाबद्दल. पदं वाटता, अधिकार देत नाही, म्हणून ते शिक्षकदिनापुरतं उरतं. मुलं कुणाला न विचारता काय ठरवू शकतात याची यादी मुख्याध्यापकांच्या सहीने लावा: परिपाठाचा क्रम, खेळाच्या साहित्याची देवघेव, मधल्या सुट्टीत ग्रंथालय कुणी उघडायचं, स्नेहसंमेलनातला ठरावीक वेळ. सत्राला थोडी रक्कमही, दोन हजार का असेनात. पैसे हातात द्यायचे नाहीत. बिल शाळेच्या नावे, खर्चाचा निर्णय त्यांचा.

यादीत शिस्त नको. फळ्यावर नावं लिहिणं, उठाबशा काढायला लावणं हे नेतृत्व नव्हे, मुकादमी. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. ते काम मुलांकरवी करून घेणं तर आणखी वाईट.

प्रत्येक तुकडीतून एक मुलगा, एक मुलगी, म्हणजे 24 जण. एवढ्यांची बैठक 35 मिनिटांत होत नाही, म्हणून सहा-सहाच्या चार समित्या. बैठक शाळा सुटल्यावर ठेवू नका. एसटीने येणाऱ्या मुली आपोआप गळतात. शनिवारची शेवटची तासिका बरी. इतिवृत्ताला तीनच रकाने: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि मुख्याध्यापकांचं लेखी उत्तर आठ दिवसांत. "नाही" चालेल, पण कारणासह. दोनदा उत्तर आलं नाही की तिसऱ्या बैठकीला मुलं येतात ती तास बुडवायला.

दिवाळीनंतर दहावीची मुलं पदावर नकोत. नववीकडे सोपवा, प्रभार नोंदवही आणि किल्ल्यांसकट.

माजी_मुअ:
वरचं सगळं पटलं, पण निवडणुकीचं काम आणि बीएलओच्या (मतदार यादीच्या कामाच्या) नेमणुका आल्या की चौघांचा गट दोघांचा होतो. तिघे हजर असतील तरच गट भरवा, नाहीतर ती तासिका सरळ मोकळी द्या. नुसत्या सह्या घेतलेली एकच सभा पुढच्या सगळ्या सभांची किंमत घालवते.

नव्या शिक्षणसेवकांना मात्र बी.एड.चं सूक्ष्म अध्यापन परत द्या. 6 मिनिटं शिकवणं, 6 अभिप्राय, 12 पाठाची फेरआखणी, 6 पुन्हा शिकवणं, 6 पुन्हा अभिप्राय, एकूण 36 मिनिटं. तासिका 35 ची असेल तर एक मिनिट उसनं घ्या. कौशल्य एकच, फलकलेखन किंवा प्रश्न विचारणं. दोन्ही एकदम घेतली की अभिप्राय पसरट होतो.

पर्यवेक्षक:
उत्तम. "आज काय कळलं नाही" अशा मुलांच्या चिठ्ठ्या घ्यायचा विचार आहे. त्या मंत्रिमंडळाने गोळा कराव्यात का?

खडूफळा:
अजिबात नको. शेवटची दोन मिनिटं, बिननावाची चिठ्ठी, थेट त्याच शिक्षकाच्या हातात. मंत्रिमंडळामार्फत गेली की स्टाफरूममध्ये ती तक्रार ठरते. आणि पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं त्यातल्या एका अडचणीवर घालवायची, तरच दुसऱ्यांदा मुलं खरं लिहितात.