अनुभव धागा : कोकणात राहायला जाताना गाव आणि परवडणारे घर कसे निवडले?

मुंबई-ठाण्याकडील घर विकून किंवा भाड्याने देऊन किनाऱ्याकडे राहायला यावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्ष आलेल्यांपैकी काहींना मात्र पहिला पाऊस संपण्याच्या आतच परतावे लागते. नवा बंगला बांधणे ज्यांना परवडत नाही किंवा बांधायचाच नाही, त्यांनी कोणते गाव निवडले, कोणत्या प्रकारचे घर पत्करले आणि कोठे फसले, हे सविस्तर लिहावे. नारळी-पोफळीचे वर्णन थोडक्यात आटोपल्यास बरे, ते सर्वांना ठाऊक आहे.

दापोली तालुका, पूर्वी डोंबिवली

आम्ही दोघांनी निवृत्तीनंतर बंद पडलेले एक कौलारू घर भाड्याने घेतले. मालक पुण्यात असतात आणि घर माणसाविना खचत चालले होते, म्हणून भाडे नाममात्र ठेवून डागडुजी आम्ही करावी असे ठरले. ओळखीतला व्यवहार असल्याने तोंडी बोलण्यावर भागवा, असे अनेकांनी सुचवले. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज चुकीचा आहे. आम्ही तीन वर्षांचा करार नोंदवला आणि कोणती दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे त्यातच लिहून घेतले. हा कागद नसता तर आढ्याच्या वाशाला वाळवी लागल्याचे उघड झाले तेव्हा संबंध बिघडले असते.

घर स्वस्त पडले, पण ते दरवर्षी पैसे मागते. मे महिन्यात शाकारणी करावी लागते : कौले उतरवायची, झाडून घ्यायची, तडे गेलेली बाजूला काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि पुन्हा वळचणीपासून आढ्यापर्यंत रचत जायचे. पहिल्या वर्षी आमची 140 कौले बदलली, त्यांतील निम्मी तरी वानरांच्या उड्यांनी फुटलेली होती. शाकारणी जाणणारी माणसे आता वाडीत दोनच उरली आहेत, त्यामुळे त्यांना शिमग्यातच सांगून ठेवावे लागते. एक वर्ष आम्ही जूनपर्यंत थांबलो आणि माजघरात सात ठिकाणी पातेली मांडून बसलो. पश्चिमेच्या जांभ्याच्या भिंतीवर झड बसते आणि चिरा पाणी पितो, म्हणून त्या बाजूला विणलेल्या झावळ्यांची झापे बांधतो.

गाव निवडताना मी एकच कसोटी लावली, ती पाण्याची. घर पाहायला दिवाळीत येऊ नये, कारण तेव्हा प्रत्येक विहीर भरलेली असते. आम्ही शेजारच्या गावात एप्रिल-मे असे दोन महिने खोली घेऊन राहिलो. पाहिलेल्या तीन घरांच्या विहिरींवर दर रविवारी जाऊन, दोर जेथे पाण्याला टेकेल तेथे मी चिंधी बांधत असे. दोन विहिरींचे दोर मेच्या मध्यापर्यंत तळाला टेकले. तिसऱ्या विहिरीचे पाणी उतरले, पण हंडा बुडत राहिला. तेच घर घेतले. समुद्र तेथून दिसत नाही.

कुडाळ परिसर, पूर्वी परळ

आमचे वडिलोपार्जित घर होते, त्यामुळे घराचा खर्च वाचला असे मी समजत होतो. सातबारा काढला तर त्यावर आजोबांच्या तिन्ही भावांची नावे आणि पुढे त्यांच्या वारसांची मिळून 23 नावे निघाली. त्यांपैकी काही जण हयात नाहीत, एकाचा पत्ता कोणालाच माहीत नाही. घरपट्टी आमच्या वडिलांच्या नावे आहे, परंतु ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा हा मालकीचा पुरावा ठरत नाही. घर एकाचे आणि खालची जमीन दुसऱ्याची, असे कोकणात सर्रास आढळते. सर्व सहहिस्सेदारांची संमती मिळेपर्यंत कर्ज काढून नवे बांधकाम करणे शक्य नव्हते.

म्हणून मी जुन्या मातीच्या भिंती तशाच ठेवून फक्त ओटी आणि मागील पडवी दुरुस्त केली. छपरासाठी माणगा जातीचा बांबू वापरला, जो आमच्याकडे बांधाबांधावर होतो. तो बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात बुडवून घेतला, कारण तसाच वापरलेल्या बांबूला भुंगा लागून खाली पिठासारखी भुकटी पडू लागते. माझ्या एका चुलत भावाने ही प्रक्रिया टाळली आणि तिसऱ्या वर्षी छप्पर उतरवले.

दवाखान्याचाही विचार व्हावा. मोठे दुखणे आले की आमच्याकडची माणसे बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात. रात्री दोन वाजता तेथपर्यंत नेणारा गाडीवाला आपल्या वाडीत आहे का, हे मी घर लावण्याआधीच विचारून घेतले होते.

मालवण तालुका, पूर्वी पनवेल

मी कंटेनरचे घर आणले. विकणाऱ्याने सांगितले होते की ते हलवता येते म्हणून परवानगी लागत नाही. ग्रामपंचायतीने ते म्हणणे मान्य केले नाही. खाऱ्या वाऱ्याने पहिल्याच वर्षी दाराच्या बिजागऱ्या गंजल्या, आणि एप्रिलमध्ये दुपारी आतल्या भिंतीला हात टेकवत नसे. अखेर त्यावर वेगळे कौलारू छप्पर उभारले, तेव्हा कोठे राहण्याजोगे झाले. दोन्ही खर्च मिळून चिऱ्याच्या दोन खोल्या झाल्या असत्या. पेटी उतरवून घेताना शेजारच्या काकी म्हणाल्या होत्या, "आधी एक पावस हय काढा, मगे काय ता ठरवा." मी हसून सोडून दिले होते.

चिपळूण, पूर्वी कल्याण

मुले शाळेत असल्यामुळे आम्हांला रेल्वे, शाळा आणि रुग्णालय जवळ असलेले शहर हवे होते, म्हणून जुना फ्लॅट घेतला. 22 जुलै 2021 चा पूर येऊन गेल्यावरच आम्ही शोधाला लागलो, हे आमचे नशीब. दलाल काहीही सांगो, जिन्यातील भिंतीवर पाण्याची रेघ दिसतच होती. पूररेषेचा नकाशा पाहून घ्यावा : निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. आम्ही दोन्हींच्या बाहेर, चढावर घर घेतले. रोज चढ चढताना मुले कुरकुरतात.

श्रीवर्धन तालुका, मूळचे येथलेच

घर घ्यायला येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. शेतजमीन स्वस्त दिसली तरी कुळकायद्याच्या कलम 63 मुळे ती शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून घेता येत नाही, तेव्हा गावठाणातील जुने घर शोधावे. आणि किनाऱ्यालगतच्या जागेची भरतीरेषेपासूनची मोजणी स्वतः पाहावी. 2019 च्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेत बांधकामबंदीचा पट्टा पन्नास मीटरच धरण्याची सवलत आहे, पण ती दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांना. इतर गावांत दोनशे मीटरच धरावे लागतात.

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा आमचे पत्रे अख्खेच्या अख्खे उडून शेजाऱ्याच्या पोफळीत पडले. शेजाऱ्याची कौले फुटली, पण दुसऱ्या दिवशी शिडी लावून, ओळखीपाळखीच्यांकडून डालीभर कौले मागून आणून त्याने स्वयंपाकघरापुरते छप्पर संध्याकाळपर्यंत झाकले. आम्हांला पत्रे मिळेपर्यंत आम्ही त्याच्याच ओटीवर निजत होतो.