मदत हवी आहे: व्हिनेगरमध्ये हाडाची नळी वाकेना

कोल्हापुरात आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. व्हिनेगरमधल्या आम्लाने हाडातलं खनिज विरघळून गेलं की उरलेलं कोलॅजन (हाडातलं चिवट प्रथिन) कसं रबरासारखं वाकतं, हे मुलांनी हातात धरून बघावं अशी फार इच्छा आहे. 'हाडाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश खनिज' हे नुसतं फळ्यावर लिहून भागत नाही.

आधी पांढऱ्या रश्श्यातली नळी वापरली, तिचे तुकडेच पडले. शिजताना कोलॅजनचं जिलेटिन होऊन रश्श्यात उतरलं असणार. मग मटणाच्या दुकानातून बकऱ्याची कच्ची नळी आणली, मांस खरवडून ४ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये बुडवली. सुरुवातीला बारीक बुडबुडे आले, आता थांबलेत. आज १२ दिवस झाले. टोकं नखाने दबतात, मधला भाग दगडासारखा. व्हिनेगर एकदाच बदललंय.

कोंबडीच्या तंगडीचं हाड ५ दिवसांत वाकलं होतं, पण मला जाड भिंत आणि आतली पोकळी दाखवायची आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल मुलांजवळ नको.

प्रदर्शनाला १० दिवस आहेत. नुसतं व्हिनेगर रोज बदलून भागेल, की टोकं करवतीने कापून, मज्जा काढून आम्ल आतूनही लागू द्यावं?