ओक टसरचे पतंग पालवीआधीच निघतात, काय करावं?

रानवाट: बांज ओकवर वाढवायच्या ओक टसर या रेशीमकिड्याचे (अँथेरिया प्रॉयली) बीजकोश, म्हणजे पुढच्या पिढीसाठी राखलेले कोश, हिवाळाभर खोलीत टांगले, तर जानेवारी-फेब्रुवारीतच पतंग निघतात. बांजाला पालवी मार्च-एप्रिलमध्ये. मधल्या काळात अळ्यांना खायला घालायचं काय? आणि जंगलातल्या रॉयली या त्याच्या भाऊबंदापासून प्रॉयली ओळखायचा कसा?

कोशवाला: खोली उबदार असणार, आणि रात्री दिवाही जळत असणार. कोशातली सुप्तावस्था ऊब आणि लांब दिवस, दोन्हींनी मोडते. प्रॉयलीचं एक पालक म्हणजे चिनी ओक टसर, पर्नी. त्याच्या कोषस्थ किड्याच्या मेंदूवरच्या आवरणाला चक्क पारदर्शक खिडकी असते, त्यातून तो दिवसाची लांबी मोजतो. म्हणून कोश अंधाऱ्या, थंड, हवेशीर जागी एकाच थरात ठेवा. उंचावरची खोली सर्वांत बरी. ढीग लावलात तर आतले कोश गरम होतात आणि बुरशीही धरते. ओकच्या कळ्या फुगू लागल्या की मगच उबेला आणा.

अंडी घातली गेली की खेळ संपला. ती सुप्त राहत नाहीत. 8-10 दिवसांत फुटतात, आणि थंडीत रोखून धरली तर फुटण्याचं प्रमाण पडतं. जपानी यामामाई या रेशीमकिड्याचं उलटं, तो हिवाळा अंड्यातच काढतो.

पानझड: ओळखीबद्दल. पतंगाकडे बघून ठरवू नका, कोशाकडे बघा. रॉयलीचा कोश दुपदरी असतो, बाहेरचं कवच वेगळं आणि आतला कोश वेगळा, त्यामुळे धागा नीट सुटत नाही. याच अडचणीतून रॉयली आणि पर्नीचा संकर झाला, तोच प्रॉयली. प्रॉयलीचा कोश एकपदरी. गंमत म्हणजे रॉयलीत गुणसूत्रांच्या जोड्या 30-31, पर्नीत 49, तरी संकर प्रजननक्षम निघाला.

पतंग तपकिरी-पिवळसर, चारही पंखांवर एकेक डोळा, आणि त्या डोळ्याच्या मध्यभागी काचेसारखी खिडकी. नराच्या मिशा रुंद पिसांसारख्या, मादीच्या अरुंद, पोट मात्र फुगलेलं. तोंड निकामी, त्यामुळे दोघंही काही खात नाहीत.

कोशवाला: पुढचंही लिहितो, कारण नुकसान तिथेच होतं. पतंग संध्याकाळी निघतात, रात्री जोडी लागते. अंडी घातल्यावर प्रत्येक मादीचं पोट कुटून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. चकचकीत लांबट-गोल बीजाणू दिसले की पेब्रिन हा रोग समजायचा, त्या मादीची सगळी अंडी जाळायची. इथे दयामाया नको.

नव्या अळ्या काळ्या असतात, पहिली कात टाकल्यावर हिरव्या होतात. पहिल्या दोन अवस्था घरात, पाण्याच्या बाटलीत खोचलेल्या कोवळ्या डहाळ्यांवर काढा. बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या खाली उतरून बुडतात. मग झाडावर सोडा. एकूण चार काती, पाच अवस्था. पाचव्या अवस्थेत पोटाला अंत नसतो, बहुतेक पाला तेव्हाच संपतो. पान जून झालं असेल तर अळ्या खंगतात आणि कोश हलके होतात. शरद ऋतूतलं पीक म्हणूनच बेभरवशाचं.

पानझड: मणिपूरकडचा टायगर बँड राहिला. मोठ्या अळीच्या अंगावर काळे पट्टे उमटतात, मग ती मरते. विषाणूचा रोग आहे, औषध नाही. पट्टेवाली अळी दिसताच चिमट्याने उचलून जाळा, आणि त्याच हाताने दुसऱ्या फांदीला हात लावू नका.