शब्दचर्चा: ‘इन्व्हेजन मनी’ला मराठीत काय म्हणायचं?

कोरीपाटी: एका नोटासंग्रहाच्या मांडणीसाठी मराठी पाट्या लिहिते आहे. जपानने १९४२ पासून ब्रह्मदेशात चालवलेल्या रुपयांच्या नोटा आहेत. इंग्रजी कॅटलॉगात ‘जॅपनीज इन्व्हेजन मनी’ असं आहे. मी ‘जपानी आक्रमण चलन’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी त्यावर काट मारली. पर्याय सुचवा.

शिळाप्रेस: काट बरोबर आहे. ‘पाकव्याप्त काश्मीर’ रोज छापून येतं, तसं ‘जपानव्याप्त ब्रह्मदेशातील नोटा’ लिहा. वाचणाऱ्याला लगेच कळेल.

मोडीवाला: व्याप्त म्हणजे भरून राहिलेला. ईश्वर चराचरात व्याप्त असतो, सैन्य मुलूख बळकावतं. ‘कब्जा’ म्हणा. अरबीतून आला असला तरी आता घरचाच आहे.

सातबारा: ऑक्युपेशनला महसुलातला शब्द भोगवटा. ‘भोगवटा चलन’ लिहून बघा, लोक बिल्डरकडे चौकशीला जातील.

शिळाप्रेस: ‘चलन’चंही तेच. बँकेत पैसे भरायचं ते चलन, पोलीस फाडतात तेही चलन. ‘लष्करी चलन’ वाचून दंडाची पावतीच डोळ्यांसमोर येते. ‘नोटा’ लिहा.

भिंगवाली: नाव ठरवण्याआधी पाटीखाली नेमकी कोणती नोट आहे ते बघा. ब्रह्मदेशच्या नोटेवर ‘द जॅपनीज गव्हर्नमेंट’ हे शब्द आणि लाल अक्षरजोडी शोधा. जोडीतलं पहिलं अक्षर मुलखाचं: बी ब्रह्मदेश, एम मलाया, पी फिलिपिन्स, ओ ओशनिया, डच ईस्ट इंडीजच्या (आजच्या इंडोनेशियाच्या) गुल्डेन नोटांवर एस. दुसरं अक्षर छपाईच्या गटाचं. ब्रह्मदेशच्या नोटांवर अनुक्रमांक नसतोच, त्यामुळे ‘नंबर नाही म्हणजे नकली’ हा निकष इथे चालत नाही. मलायाच्या सुरुवातीच्या डॉलर नोटांवर मात्र नंबर होते, पुढे ते गेले. म्हणून नंबरवाली मलाया नोट महाग आणि बिननंबरी ढिगाने मिळते.

मोडीवाला: पण या नोटांना सर्रास ‘खोट्या’ म्हणतात, ते चूक ना? बनावट ती, जी दुसऱ्याचं सोंग घेते. या तर छापणाऱ्या सरकारच्या अस्सल नोटा, नंतर बाद झाल्या. खोटी, बनावट आणि बाद हे तीन वेगळे शब्द आहेत.

भिंगवाली: बरोबर, पण बाद नोटांच्याही बनावट आवृत्त्या विकल्या जातात. दहापट भिंगाखाली रंग सलग दिसायला हवा. चार रंगांचे बारीक ठिपके दिसले तर ती हल्लीची नक्कल. अंधारात अतिनील दिवा धरा. युद्धकाळातला कागद मंदच राहतो, निळसर चमकला तर संशय घ्या. मात्र कुणी जुनी नोट कपड्यांच्या साबणपूडीने धुतली असेल तर तीही चमकू शकते, त्यामुळे एकट्या दिव्यावर निकाल देऊ नये.

टांकसाळ: मूळ प्रश्नात एक मेख आहे. १९४५ मध्ये इंग्रज परतले तेव्हा त्यांनी सहाव्या जॉर्जच्या हिंदुस्थानी नोटांवर लाल शाईत ‘मिलिटरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा, लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली’ असं छापलं. त्या नोटा मुळात नाशिकला छापलेल्या. त्यांना कब्जा म्हणाल की व्याप्त? संग्राहक दोन्ही एकाच वहीत लावतात.

मोडीवाला: दोघेही परकेच, दोघांनाही कब्जा लागू.

शिळाप्रेस: नाही, इंग्रजांच्या नोटेला ‘लष्करी प्रशासनाची नोट’. नोटेवर लिहिलंय तेच मराठीत आणायचं, आपला निवाडा पाटीवर कशाला?

टांकसाळ: मग जपानी नोटेवर तरी ‘आक्रमण’ कुठे छापलंय? ते नाव संग्राहकांनी दिलेलं. जपानी भाषेत अशा लष्करी नोटेला गुन्प्यो म्हणतात: गुन म्हणजे सैन्य, प्यो म्हणजे चिठ्ठी. ‘सैन्यचिठ्ठी’ चालेल?

सातबारा: चालेल, पण धोब्याकडे.

कोरीपाटी: १९४५ च्याही दोन नोटा आहेत आणि एकीवरची लाल छपाई फार ताजी वाटते. शब्द राहू दे, ती खरी कशी ओळखायची?

भिंगवाली: घडीची रेष जिथे लाल अक्षर कापते तिथे भिंग लावा. छपाई आधीची आणि घडी नंतरची असेल तर शाई घडीवर तुटलेली, झिजलेली दिसते. शाई घडीच्या चिरेत उतरून पसरली असेल तर नोट आधी वापरली गेली आणि अक्षरं मागाहून चढवली. नोट कोरी, बिनघडीची असेल तर ही खूण मिळत नाही, मग खात्रीच्या नोटेशी अक्षरांची जाडी ताडून बघा. आणि पीव्हीसीच्या पाकिटात असेल तर आजच काढा. ते प्लास्टिक चिकट होऊन नोटेला धरतं, सोडवताना रंग निघतो. पॉलिस्टरचं पाकीट घ्या. चिकटपट्टी लावू नका, इस्त्री तर नकोच.

मोडीवाला: पाटीवर ‘बर्मा’ नको, ‘ब्रह्मदेश’ हवं. इंग्रजांनी तिथल्या थिबा राजाला कैद करून रत्नागिरीत ठेवलं तेव्हापासून कोकणात तोच शब्द आहे.

टांकसाळ: नोटेवर बर्मा छापलंय.

मोडीवाला: इंग्रजीत.