मामा तलावाच्या गाळातलं सीझियम-१३७: कोअर कसा काढायचा, आणि तो गाळ शेतात टाकला तर?

गाळपेर (नागपूर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यातल्या एका माजी मालगुजारी तलावात दर वर्षी किती गाळ साचतो, ते काढायचं आहे. तलावाची मूळ खोली कुठल्याच कागदावर नाही. १९५० आणि ६०च्या दशकांत हवेत झालेल्या अणुचाचण्यांचं सीझियम-१३७ जगभर पडलं आणि त्याच्या थरावरून गाळाचं वय काढता येतं, एवढं वाचलं आहे. पुढचं विचारायचं आहे.

कोअर (थर न मोडता काढलेला गाळाचा उभा गाभा) काढायचा कसा? यंत्र भाड्याने आणण्याइतके पैसे नाहीत.

साधा गायगर काउंटर गाळावर धरून काही कळेल का?

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मध्ये वरचा गाळ शेतकरी नेणार आहेत. ‘अणुबॉम्बचं सीझियम’ हे शब्द गावात पोचले आणि लोक घाबरले. हे पोखरणचं आहे का, असंही विचारतात. त्यांना काय सांगावं?

---

चिखलमास्तर यांचं उत्तर

आधी जागा ठरवा. सगळा खेळ जागेवर आहे, पाइप नंतर. तलावाच्या ज्या भागात गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात पेरणी) होते तो भाग सोडून द्या, कारण नांगराने वरचे पंधरा-वीस सेंटिमीटर एकत्र झालेले असतात. शिंगाडा लावलेला भागही नको. तोडणीच्या वेळी ढिवर बांधव कमरेएवढ्या पाण्यात फिरतात आणि पायाखालचा चिखल ढवळला जातो. उन्हाळ्यात जो भाग पूर्ण आटतो तिथे काळ्या गाळाला हातभर खोल भेगा जातात. वरची माती त्या भेगांत पडते आणि अलीकडचा कण जुन्या थरात जाऊन बसतो. म्हणून मे महिन्यातही जिथे घोटा-गुडघाभर पाणी टिकतं, तो डोह शोधा. पूर्वी कधी गाळ उपसला होता का, हे दोन-तीन म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारा. उपसलेल्या ठिकाणी वरचा थर ‘आजचा’ नसतो आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता पाइप. बरेच जण ७५ मिमीचा घेतात आणि तिथेच फसतात. त्यातून २ सेंमीचा काप काढला तर वाळल्यावर जेमतेम ८०-८५ ग्रॅम माती हाती लागते, आणि आपल्या अक्षांशावर एवढ्याशा मातीत सीझियम मोजायचं म्हणजे डिटेक्टर आठवडाभर अडवून ठेवायचा. ११० मिमीचा जाड भिंतीचा ड्रेनेज पाइप घ्या, इतवारीत सहज मिळतो. ३ सेंमीचा काप काढलात की २५० ग्रॅमच्या वर कोरडी माती मिळते. शिवाय पाइप रुंद असला की घर्षण कमी आणि गाळ कमी दबतो.

लांबी २ मीटर. खालची कड कानशीने आतून नव्हे, बाहेरून निमुळती करा. वर लाकडी ठोकळा ठेवून घणाने हळूहळू ठोका. दर २० सेंमीला थांबून दोन मापं घ्या: पाइपच्या बाहेर गाळाची पातळी आणि पाइपच्या आत गाळाची पातळी. बाहेरून दीड मीटर आत गेला आणि आत १ मीटर २० सेंमीच गाळ दिसला, तर ३० सेंमी दाबले गेले. ही नोंद नसेल तर नंतर कुठलंही सूत्र लावून उपयोग नाही. काढताना वरचं तोंड रबरी टोपीने हवाबंद करायचं, नाहीतर निम्मा गाळ खालून सटकतो. बांबूची तिपाई आणि चेन-पुली पुरते.

पाइप उभाच न्यायचा. आडवा टाकून जीपमधून आणला तर वरचा पातळ भाग वाहतो, आणि हे फार वेळा होतं. पाइप लांबीने कापून कोअर उघडा, ३ सेंमीचे काप करा, प्रत्येक कापाची बाहेरची २-३ मिमी कड सुरीने काढून टाका (पाइप आत जाताना वरची माती भिंतीला लागून खाली ओढली जाते). उरलेल्या कापाचा व्यास मोजून ठेवा. ओलं वजन, १०५ अंशांवर वाळवून कोरडं वजन, मग कुटून २ मिमीची चाळणी.

---

किरणमापक यांचं उत्तर

गायगरचा विषय आधी मिटवतो. नाही कळणार. तुमच्या गाळात किलोमागे काही बेकरेल (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल) सीझियम असेल. त्याच मातीत १ टक्का पोटॅशियम असलं तरी पोटॅशियम-४०चे किलोमागे सुमारे ३१० बेकरेल येतात, त्यावर थोरियम-युरेनियमच्या साखळ्या, त्यावर आकाशातून येणारे किरण. या गोंगाटात सीझियम बुडून जातं. काउंटर चालतो का एवढंच बघायचं असेल तर कृषी केंद्रात म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीला टेकवा. ५० किलोच्या गोणीत पावणेआठ लाख बेकरेलच्या आसपास नैसर्गिक पोटॅशियम-४० असतं, आकडा वर चढलेला दिसेल.

एक सावधगिरी. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व काठावर बसलंय. अमरावती रोडच्या बाजूला काळा कातळ, त्यात पोटॅशियम-थोरियम कमी. भंडाऱ्याकडे जुने ग्रॅनाइट-नाइस लागतात, तिथे जास्त. तोच काउंटर घेऊन पूर्वेला गेलात की आकडा वाढतो, तो खडकाचा असतो. त्यावरून ‘तलावात किरणोत्सर्ग’ अशी बातमी करू नका.

मोजणी जर्मेनियम डिटेक्टरवरच, द्रव नायट्रोजनने थंड केलेला. सीझियमच्या गॅमा किरणांची रेषा ६६१.७ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर (केईव्ही) येते. सोडियम आयोडाइडच्या स्वस्त डिटेक्टरला तिथे सुमारे ४५ केईव्ही रुंदीचं शिखर दिसतं, आणि बिस्मथ-२१४ची ६०९ची मोठी रेषा त्याच्या पायथ्यात घुसते. मग प्रत्येक मातीत ‘सीझियम’ सापडतं! जर्मेनियममध्येसुद्धा बिस्मथची ६६५.४ची बारीक रेषा शेजारी असते. शिखर बसवताना ती वेगळी धरली का, हे प्रयोगशाळेला विचारा.

वेळेचा हिशेब करून दाखवतो. किलोला ३ बेकरेल, २५० ग्रॅम नमुना म्हणजे ०.७५ बेकरेल. शंभर विघटनांत ८५ वेळा ही गॅमा निघते, म्हणजे सेकंदाला ०.६४. डिटेक्टरची कार्यक्षमता २ टक्के धरली तर ८०,००० सेकंदांत हजाराच्या आसपास मोजण्या. पार्श्वभूमी वजा केल्यावर ५-६ टक्क्यांची अनिश्चितता, चालण्यासारखी. एक काप म्हणजे जवळपास एक पूर्ण दिवस, हे धरून किती काप द्यायचे ते ठरवा. आधी एक आड एक काप मोजा, सर्वांत जास्त सीझियम कुठल्या खोलीवर आहे (खोलीतलं शिखर) ते दिसलं की तिथले मधले भरा.

खोलीतलं शिखर मिळालं की तो थर १९६३चा; त्याच्या वर साचलेल्या गाळाला तेव्हापासूनच्या वर्षांनी भागलं की दर वर्षीचा गाळ निघतो. १९६१-६२मध्ये चाचण्यांचा कहर झाला. ३० ऑक्टोबर १९६१ला सोव्हिएत संघाने नोवाया झेम्ल्यावर फोडलेला बॉम्ब एकटाच सुमारे ५० मेगाटनांचा. समतापमंडळात चढलेली राख खाली यायला वर्ष-दीड वर्ष लागलं. ऑगस्ट १९६३मध्ये हवेतल्या चाचण्या बंद करण्याचा करार झाला, पण फ्रान्स आणि चीन त्यात नव्हते. चीनची शेवटची हवेतली चाचणी ऑक्टोबर १९८०ची. सीझियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) ३० वर्षं, म्हणजे १९६३ला पडलेल्यापैकी आज पावाहून थोडं कमी उरलंय. अजून तीसेक वर्षांनी ही पद्धत आपल्याकडे फार अवघड होईल.

शिखराच्या वर सीझियम एकदम शून्य होईल ही अपेक्षा ठेवू नका. पाणलोटातल्या शेतांवर पडलेलं सीझियम मातीबरोबर आजही तलावात वाहून येतंय. पडताळा म्हणून त्याच कापांवर शिसे-२१० या नैसर्गिक किरणोत्सर्गी शिशाची मोजणीही करून घ्या. त्यासाठी डबा हवाबंद करून तीन आठवडे ठेवावा लागतो, तेवढ्यात रेडॉन समतोलाला येतो.

---

गाळपेर

दोघांचेही आभार, ११० मिमीचा पाइप घेतो. गाभ्याचं समजलं. पण ग्रामसभेत उद्या कुणी विचारलं की ‘बॉम्बचं विष शेतात टाकता आणि मुलांना त्याच गाईचं दूध पाजता का’, तर?

---

दाणापाणी यांचं उत्तर

हिशेबच मांडा, तोंडी धीर देऊन भीती जात नाही. शेतात १० सेंमीचा थर टाकला, म्हणजे चौरस मीटरवर साधारण १२० किलो गाळ. किलोला ५ बेकरेल धरा, ६०० बेकरेल झाले. त्याने जमिनीवर उभ्या माणसाला तासाला फार तर एक नॅनोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक). गावात कुठेही उभं राहिलं तरी नैसर्गिक डोस त्याच्या शंभरपट पातळीचा असतो. प्रत्येक प्रौढाच्या अंगातच चार हजारांहून जास्त बेकरेल पोटॅशियम-४० आहे.

पिकात किती जातं हे मातीवर ठरतं. सीझियमला झाड पोटॅशियमच समजतं. चिकणमातीचे कण, खास करून इलाइट हे खनिज, त्याला पकडून ठेवतात आणि पालाश पुरेसं असलं की मुळं सीझियम कमी उचलतात. आपल्या गाळात चिकणमाती भरपूर. ह्याच्या उलट स्थिती मार्शल बेटांवर आहे आणि तिथला धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बिकिनीची जमीन म्हणजे प्रवाळाचा चुना, चिकणमाती नाही, पालाश अगदी कमी. १९७०च्या दशकात लोकांना परत वसवलं, ते नारळ खाऊ लागले आणि अंगातलं सीझियम इतकं वाढलं की १९७८मध्ये पुन्हा हलवावं लागलं. नंतर प्रयोगांत नारळांना पोटॅशियम क्लोराइड दिलं, तेव्हा फळांतलं सीझियम आधीच्या दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली आलं. तेच आपलं म्युरेट ऑफ पोटॅश.

दुधाचा प्रश्न खरा आहे, फक्त तो ताज्या राखेला लागू होतो. तिथे खलनायक आयोडीन-१३१: गवतावर पडतं, गाय-शेळी चरते, दुधात उतरतं, आणि लहान मुलाच्या थायरॉइडची ग्रंथी छोटी असल्याने डोस अनेक पटींनी वाढतो. दूध उकळून ते जात नाही. अर्धायुष्य ८ दिवस, म्हणून ते दूध भुकटी करून दोन-तीन महिने ठेवलं तर चालतं. नेवाडातल्या चाचण्यांमुळे अमेरिकेत थायरॉइड कर्करोगाचे १०,००० ते ७५,००० जादा रुग्ण होऊ शकतात, असा तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९७मध्ये अंदाज दिला. १ मार्च १९५४च्या १५ मेगाटनांच्या ब्राव्हो चाचणीची राख राँगेलॅप बेटावर पडली आणि तिथल्या लहान मुलांपैकी बहुतेकांना पुढे थायरॉइडच्या गाठी झाल्या. कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्कला १९४९ ते १९८९ दरम्यान ४५६ चाचण्या झाल्या. नुकसान झालं ते या लोकांचं. साठ वर्षांपूर्वीच्या गाळात आयोडीन-१३१चा एक अणूही उरलेला नाही.

पोखरणचं म्हणाल तर १९७४ आणि १९९८, दोन्ही वेळचे स्फोट जमिनीखाली. तुमचं सीझियम मुख्यतः अमेरिका आणि सोव्हिएत संघाचं.

---

उमरेडकर

दाणापाणी यांचे आकडे बरोबर आहेत, पण ग्रामसभेत ‘काहीच नाही’ असं म्हणू नका भाऊ. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनुसार १९६३मध्ये जगातल्या सरासरी माणसाला चाचण्यांमुळे वर्षाला ०.११ मिलिसिव्हर्ट मिळत होतं, २०००च्या सुमारास ते ०.००५वर आलं, नैसर्गिक २.४. म्हणजे कमी, पण शून्य नव्हे. आणि कुणालाही न विचारता अब्जावधी लोकांना वाटलेला डोस आहे हा. लांबचा हिशेब तर सीझियमचा नाहीच, कार्बन-१४चा आहे. १९६३च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेत तो जवळपास दुप्पट झाला होता, आणि त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. तो भात-गहू-तुरीतून सगळ्यांच्या अंगात आहे, तलावाचा गाळ टाका किंवा टाकू नका.

---

दाणापाणी

मान्य. ‘या गाळामुळे लक्षात येण्यासारखी वाढ नाही’ असं म्हणावं, ‘धोका कधी नव्हताच’ असं नाही.

---

चिखलमास्तर

एक राहिलं. गाळ नेण्याच्या आधी कोअर काढा, पोकलेन एकदा उतरलं की संपलं. आणि कुणाच्या शेतात किती ट्रॉल्या पडल्या ते गट नंबरासह लिहून ठेवा. पुढे कुणी त्या शिवारात सीझियमवरून मातीची धूप मोजायला आलं, तर तलावाचं सीझियम शेतात आलेलं असेल आणि धूप झालेल्या शेतात उलटी भर दिसेल. तुलनेसाठी एक न नांगरलेली सपाट जागाही लागेल. गावाची जुनी स्मशानभूमी किंवा देवराई बघा, तिथून ४० सेंमीपर्यंतचे चार-पाच नमुने. मातीच्या प्रकाराचे नकाशे अमरावती रोडच्या मृद सर्वेक्षण ब्यूरोत मिळतील.