भेके, अपुइया, नोगेरा, दियाझ गेले. मुंबई सिटीचं चुकलं का?

अंधेरी लोकल (२४ ऑगस्ट २०२४)

४ मेच्या रात्री कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून आपण आयएसएल (इंडियन सुपर लीग) चषक घेतला. पहिला गोल खाल्ला होता, दियाझने ५३व्या मिनिटाला बरोबरी केली, ८१व्या मिनिटाला बिपिन, आणि भरपाई वेळेत वॉयटुश. चषक उचलला राहुल भेकेने, मुंबईत जन्मलेल्या कॅप्टनने. मी त्या रात्री झोपलो नाही.

आता साडेतीन महिन्यांनी बघा. भेके बेंगळुरूला. नोगेरा बेंगळुरूला. दियाझ बेंगळुरूला. वॉयटुश गेला, इकेर परत गोव्याला गेला. आणि अपुइया मोहन बागानला, म्हणजे ज्यांना त्यांच्याच घरात हरवलं त्यांच्याकडे, तेही पाच वर्षांच्या करारावर. ग्रेग स्टुअर्ट हंगामाच्या मध्यात आपल्याला सोडून स्कॉटलंडला गेला होता, तोही आता बागानच्या जर्सीत दिसणार.

आले कोण? कारेलिस, तोराल, व्हॅन नीफ, जमशेदपूरहून मान्झोरो आणि गोलरक्षक रेहेनेश, ओडिशाहून साहिल पनवार, गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस. यांतला एकही वाईट नाही. पण चषक जिंकलेल्या संघाचा कणा काढून त्या जागी नवा बसवायचा आणि तीन आठवड्यांत बागानशी पहिली मॅच खेळायची, हे मला पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा.

उत्तर स्टँड

मला अजिबात चुकलेलं वाटत नाही. दरवर्षी हेच रडगाणं असतं. ज्यांच्यासाठी आज जीव तुटतोय तो स्टुअर्ट, दियाझ, नोगेरा, ग्रिफिथ्स, हे सगळे २०२२च्या उन्हाळ्यात नवेच होते ना? तेव्हाही लोक म्हणत होते, एवढे बदल कशाला. त्या हंगामात काय झालं? सलग १८ सामने अपराजित, २० सामन्यांत ५४ गोल, ४६ गुण आणि शिल्ड (साखळीत पहिला येणाऱ्याला शिल्ड, नंतरच्या प्लेऑफच्या विजेत्याला चषक). मँचेस्टर सिटीवाल्या सिटी ग्रुपने २०१९मध्ये क्लब घेतल्यापासून आपली हीच पद्धत आहे आणि याच पद्धतीने दोन शिल्ड, दोन चषक आले. त्याआधीची पाच वर्षं आठवा. अनेल्का आणि फोर्लान येऊन गेले, हाती काही लागलं नाही.

दियाझ ३४ वर्षांचा झालाय, नोगेराही त्याच्याच आसपास. त्यांना अजून दोन वर्षांचे करार द्यायचे का? पगाराची मर्यादा आहे, परदेशी खेळाडू सहाच ठेवता येतात, मैदानावर चारच. जागा अडवून ठेवणारा म्हातारा आघाडीवीर नको. कारेलिस ग्रीस, बेल्जियम, इंग्लंड असा फिरून आलेला आहे. व्हॅन नीफचे हंगेरीतले सामने मी बघितले, चेंडू पायात आला की त्याची मान आधीच वर असते. दोघांनाही वेळ द्या.

सहावा नंबर

उत्तर स्टँड, तुमचा २०२२चा दाखला अर्धाच आहे. त्या वर्षी परदेशी बदलले हे खरं. पण गोलरक्षक फुर्बा, मेहताब, भेके, अपुइया, बिपिन, छांगटे हे आधीपासून होते. नवा स्टुअर्ट आला तेव्हा त्याच्या मागे कोण कसं धावतं हे ठरलेलं होतं. स्टुअर्टला फक्त स्टुअर्ट व्हायचं होतं.

आणि २०२१ का विसरता? त्या उन्हाळ्यात बुमूस बागानला गेला, ओग्बेचे हैदराबादला. ओग्बेचेने तिथे १८ गोल मारून गोल्डन बूट घेतला, हैदराबादने चषक घेतला. आपण गतविजेते असून पाचवे आलो. प्लेऑफसुद्धा नाही.

मी स्वतः तालुका पातळीवर मधल्या फळीत खेळलो आहे, म्हणून या जागेबद्दल जरा सविस्तर लिहितो. अपुइयाचं काम टीव्हीवर पटकन दिसत नाही. मागच्या मेहताब किंवा तिरीकडून चेंडू घेताना पाठीवर माणूस असतो, तेव्हा तो पहिल्याच स्पर्शात वळतो. त्या एका वळणाने समोरचे दोन जण बाद होतात आणि छांगटेसमोर रान मोकळं होतं. चेंडू गेला तर परत मिळवणाराही तोच. कोणी म्हणेल ब्रँडन आहे की. ब्रँडनचा पाय सोन्याचा आहे, पण तो शेवटचा पास देणारा माणूस. अपुइया त्याच्या आधीचे दोन पास देतो. ते देणारा भारतीय शोधायला निघालात तर एका हाताची बोटं पुरतात.

परदेशी मिडफिल्डर आणून ती जागा भरता येईल, व्हॅन नीफ चांगला असेलही. पण मग चारांपैकी एक जागा तिथे खर्च झाली. दोन परदेशी मागे, तिरी आणि क्रौमा. पुढे कारेलिस. झाले चार. मग तोराल आणि मान्झोरो कुठे खेळणार? भारतीय कणा गेला की असा हिशोब बिघडतो. अकरात सात भारतीय असावेच लागतात आणि ते सात चांगले असतील तर बाकीचे चार कुणीही चालतात.

फातोर्डा

गोंयकार म्हणून लिहितोय, राग मानू नका.

२०२०मध्ये आम्ही शिल्ड जिंकून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब झालो. तेव्हा तुम्ही काय केलंत? आधी लोबेरा कोच, मग जाहूह, बुमूस, फॉल आणि आमचा मंदार राव देसाईसुद्धा. अख्खं घर उचलून मुंबईला नेलंत आणि त्याच वर्षी दोन्ही जेतेपदं घेतलीत, चषक तर आमच्याच फातोर्ड्यावर. तेव्हा मुंबईच्या कुणालाही कणा वगैरे आठवला नव्हता.

आता ब्रँडन. सात वर्षं तो आमच्याकडे होता. २४ एप्रिलच्या उपांत्य सामन्यात तुमच्याविरुद्ध दुसरा गोल त्यानेच मारला. ९०व्या मिनिटापर्यंत आम्ही २-० होतो. माझ्या शेजारचे काका थर्मासचं झाकण लावून निघायच्या तयारीत होते. आणि मग छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. सहा-सात मिनिटांत २-३. स्टेडियममध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दोन महिन्यांनी तोच ब्रँडन तुमच्या जर्सीत.

भेकेबद्दल एक सांगतो. २०१९चा अंतिम सामना तुमच्या अंधेरीच्याच मैदानावर झाला होता. ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर त्याने हेडर मारला, आम्ही बेंगळुरूकडून हरलो. तेव्हा तो मुंबईचा मुलगा बेंगळुरूचाच होता. तो परत गेला यात तुम्हाला धक्का का बसावा, मला कळत नाही.

अंधेरी लोकल

फातोर्डा, तुमचं २०२०चं म्हणणं मान्य. तेव्हा मी आनंदातच होतो, गोव्याच्या लोकांना काय वाटत असेल याचा विचार केला नाही. आज कळतंय.

पण भेकेवर माझं म्हणणं कायम आहे. तो कुठून आला हा मुद्दाच नाही. तीन वर्षांत त्याने शिल्ड, चषक आणि इराकच्या एअर फोर्स क्लबवरचा विजय बघितला, भारतीय क्लबचा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटातला पहिला विजय. नव्या पोराला ड्रेसिंग रूममध्ये काय सांगायचं हे अशा माणसाला माहीत असतं. तो गेला तर करारावर सही करून दुसरा मिळतो, पण ते सांगणारा मिळत नाही.

माहीमची

तुम्ही सगळे क्लबला बोल लावताय, खेळाडूची बाजू कुणीच घेत नाही. अपुइया अजून २४चाही नाही. बागानने पाच वर्षांची हमी दिली, सॉल्ट लेकला साठ हजार माणूस येतं. आपल्या अंधेरीला किती मावतात? सात हजारही नाहीत, आणि तेही दर वेळी भरत नाहीत. मी दर घरच्या सामन्याला असते, माझ्या आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्या मला पाठ आहेत. मिझोरामहून लहान वयात घर सोडून निघालेल्या मुलाला गर्दीसमोर खेळावंसं वाटलं तर त्यात बेइमानी कसली?

क्लबने चुकवलं असेल तर एकच. तो जाणार हे कळल्यावर त्याच्या जागेसाठी भारतीय मुलगा आधीच तयार हवा होता. ती तयारी एका उन्हाळ्यात होत नाही, तीन वर्षं आधी सुरू करावी लागते.

पेठेतला

कोल्हापूरहून लिहितोय. भावांनो, आमच्याकडे हंगामाआधी केएसएमध्ये (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खेळाडूंची नोंदणी असते, तेव्हा चौकाचौकात हीच चर्चा. पाटाकडील तालमीचा कोण दिलबहारला गेला, खंडोबाने कुणाला घेतलं. गेलेल्याला पहिल्या मॅचला शाहू स्टेडियमवर शिट्ट्या बसतात, दुसऱ्या दिवशी त्याच चौकात त्याच्याबरोबर चहा होतो. खेळाडू जाणारच. तालीम, म्हणजे आमचा क्लब, टिकते, कारण पेठेतली पोरं खालून येत असतात. एक गेला की त्याच्या मागे शाळेत एक उभा असतोय.

म्हणून माहीमच्या ताईंचं पटलं. दहा वर्षं झाली क्लबला. मुंबई-ठाण्याची, आमच्याकडची किती पोरं पहिल्या अकरात आहेत? जयेश राणे सोडला तर नाव सांगा. ग्रीसचा आघाडीवीर शोधायला माणसं आहेत, मग शाहू स्टेडियमवर रविवारी एक माणूस बसवायला काय जातंय?

उत्तर स्टँड

पेठेतला, मुद्दा चांगला आहे पण या हंगामाला लागू नाही. आज शोधलेला पोरगा २०२९ला खेळेल. मला सप्टेंबरमध्ये बागानसमोर अकरा जण उभे करायचेत.

आणि सहावा नंबर, गेल्या मोसमात लीगमध्ये आपण फक्त १९ गोल खाल्ले. फुर्बा, मेहताब, तिरी, क्रौमा इथेच आहेत. छांगटे, बिपिन, विक्रम इथेच आहेत. कोच क्रॅट्की डिसेंबरमध्ये आला, अर्ध्या हंगामात संघ हातात घेऊन चषक दिला. त्याला पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीचा संघ बांधायला मिळतोय. एवढा तरी विश्वास त्याने कमावलाय.

सहावा नंबर

विश्वास आहे. पण बागानशी गेल्या एप्रिलमध्ये काय झालं तेही आठवा. शिल्डसाठी एक बरोबरी पुरेशी होती. २-१ हरलो, त्यांचे ४८, आपले ४७. एवढ्या काठावर चाललेल्या स्पर्धेत त्यांना आपणहून अपुइया मिळू देणं म्हणजे एकाच व्यवहारात दोनदा नुकसान. आपल्याकडून एक वजा, त्यांच्याकडे एक अधिक.

उत्तर स्टँड (१४ सप्टेंबर २०२४)

सॉल्ट लेक, २-२. दोन गोल मागे होतो, पहिला तर तिरीचाच स्वयंगोल. त्याच तिरीने ७०व्या मिनिटाला फेडला आणि ९०व्या मिनिटाला क्रौमा. काल कणा दिसला की नाही, सांगा.

अंधेरी लोकल

दिसला, आणि मी ओरडून घसा बसवून घेतला. पण दोन्ही गोल बचावपटूंचे, हे नोंदवून ठेवतो.

सहावा नंबर (३० मार्च २०२५)

प्लेऑफमध्ये, बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर बेंगळुरू ५, मुंबई ०. पाचवा गोल दियाझचा.

काल रात्री काही लिहिलं नाही, आज लिहितो. लीगमध्ये २४ सामन्यांत आपले २९ गोल. त्याआधीच्या वर्षी २२ सामन्यांत ४२ होते. कारेलिसला दोष देणार नाही, जेवढं पायाशी आलं तेवढं त्याने जाळ्यात टाकलं. त्याच्या पायाशी येतच नव्हतं. व्हॅन नीफ मला मनापासून आवडला, उत्तर स्टँडचं त्याच्याबद्दलचं म्हणणं खरं निघालं. पण तो एकटा अपुइयाचंही काम करत होता आणि नोगेराचंही. ३६ गुण, सहावा क्रमांक. शिल्ड बागानने घेतली आणि त्यांच्या मधल्या फळीत अपुइया आहे.

उत्तर स्टँड

कालच्या सामन्यावर काही बोलण्यासारखं नाही. अठराच दिवसांपूर्वी याच मैदानावर त्यांना २-० हरवून आपण प्लेऑफमध्ये आलो होतो, म्हणून जास्त लागलं. परदेशी खेळाडूंबद्दल माझं मत बदललेलं नाही, दियाझला सोडणं तेव्हा बरोबर होतं आणि त्याचा कालचा गोल बघूनही बरोबरच वाटतं. अपुइयाबद्दल मात्र माझा अंदाज चुकला. मला वाटलं होतं ती जागा भरता येते.

माहीमची

आता पुढचं बोला. या उन्हाळ्यात मेहताब, बिपिन, छांगटे, फुर्बा या चौघांना धरून ठेवा. बाकी कुणालाही आणा, मी तिकीट काढेन.

पेठेतला

आणि रविवारचं शाहू स्टेडियम.

अंधेरी लोकल (सप्टेंबर २०२५)

धागा वर काढतोय. बिपिन ईस्ट बंगालला गेला, मेहताब मोहन बागानला.

बिपिन २०१८पासून आपल्याकडे होता. २०२१च्या अंतिम सामन्यात ९०व्या मिनिटाला गोल, २०२४च्या अंतिम सामन्यात ८१व्या मिनिटाला गोल. क्लबच्या दोन्ही चषकांवर त्याचा पाय आहे. माहीमच्या ताईंच्या चार नावांतली दोन उरली.